कुरतडलेल्या पानांची परसबाग

समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेल्या पुण्याचे हवामान सौम्य असल्यामुळे तेथील परसबाग वर्षातील कोणत्याही ऋतूत पूर्णपणे थांबत नाही. जूनच्या सरींबरोबर दोडका, कारले आणि भोपळा यांचे वेल, पाऊस ओसरल्यावर मेथी, पालक आणि टोमॅटो, तर उन्हाळ्याच्या तोंडावर गवार आणि भेंडी हा क्रम बहुतेक घरांना परिचित आहे. परंतु त्याच चार वाफ्यांत कीटकांचे आणि पक्ष्यांचेही जीवनचक्र चालू असते, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

प्रौढ फुलपाखरू विविध फुलांतील मधुरस घेत असले, तरी त्याची अळी मात्र काही ठरावीक वनस्पतींचीच पाने खाते, आणि मादी ज्या वनस्पतीवर अंडी घालते तिला त्या जातीची खाद्यवनस्पती म्हणतात. त्यामुळे केवळ रंगीत फुलझाडांनी भरलेल्या बागेत फुलपाखरे येतात, पण वाढत नाहीत. लिंबाच्या कोवळ्या पानांवर दिसणारी, पक्ष्याच्या विष्ठेसारखी भासणारी काळपट-पांढरी अळी ही लिंबाच्या फुलपाखराची असते; तीच पुढे हिरवी होते आणि डिवचली गेल्यास डोक्यामागून दुभंगलेला, उग्र वासाचा अवयव बाहेर काढून शत्रूला पळवून लावते. कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन, पानफुटीवर रेड पिअरो आणि कुंपणाकडेच्या रुईवर प्लेन टायगर ही फुलपाखरे वाढतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान दिलेले ब्लू मॉर्मनही लिंबूवर्गीय झाडांवरच अंडी घालते. म्हणून अंगणातील एखाद्या लिंबावर औषध फवारणे ही वाटते तितकी किरकोळ बाब नाही.

या अळ्या पक्ष्यांनाही हव्या असतात. शिंजीर हा चिमुकला पक्षी स्वतः मधुरसावर जगत असला, तरी पिलांच्या वाढीला प्रथिने लागत असल्यामुळे तो त्यांना कीटक आणि कोळी भरवतो, आणि त्याचे लोंबते घरटेही कोळ्याच्या जाळ्याने बांधलेले असते. जी बाग अळी, कोळी आणि जाळे यांपैकी काहीही शिल्लक ठेवत नाही, तिच्याकडून पक्ष्यांची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

भाजीच्या उत्पन्नाचाही येथे प्रत्यक्ष संबंध येतो. वांगी आणि टोमॅटो यांच्या फुलांतील पराग परागकोशाच्या टोकाशी असलेल्या बारीक फटींतून किंवा छिद्रांतून बाहेर पडतात. भुंगा फुलाला धरून आपल्या स्नायूंच्या कंपनाने ते झटकून काढतो, आणि या प्रक्रियेला कंपन-परागीभवन म्हणतात. मधमाशीला हे कंपन साधत नाही. निळसर काळा मोठा भुंगा वाळलेल्या लाकडात बोगदा कोरून राहतो, तेव्हा एखादा जाड, सुका ओंडका कोपऱ्यात पडू देणे हे वांग्याच्या रोपाला खत देण्याइतकेच उपयोगी ठरते.

मार्च ते मे हा काळ सर्वांत कठीण असतो. पाणवठे आटलेले असतात आणि नेमक्या त्याच दिवसांत अनेक पक्ष्यांची घरटी होतात. उथळ मातीच्या भांड्यात पाणी ठेवावे, डासांची पैदास होऊ नये म्हणून ते रोज बदलावे, भांड्यात एखादा दगड ठेवावा, म्हणजे मधमाश्यांना बुडण्याचे भय राहत नाही. आणि पावसाळ्यापूर्वी करावयाची छाटणी फांद्यांतील घरटी पाहिल्याशिवाय, तसेच घरट्यांतील पिले उडून जाण्यापूर्वी, करू नये.