धुऱ्यावरचा बिनपगारी सालगडी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाचा भाव आणि कर्ज सोडून आज रानमांजरावर काय बोलता, असे तुम्ही म्हणाल. पण हाही हिशेबाचाच विषय आहे.

ज्वारी हुरड्यात आली की उंदीर काय करतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बीळ खणले की आपलीच कणसे आपल्याला सापडतात. या उंदरावर रात्रभर पाळत ठेवते ते रानमांजर. उंच पाय, आखूड शेपूट, कानाच्या टोकाला काळे केस. राजस्थानातील सरिस्का येथल्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक रानमांजर दिवसाला 3 ते 5 उंदीर खाते असा अंदाज मांडला आहे. तीनच धरा, तरी वर्षाला हजारावर जातात. त्याने उंदीर संपतील असे आम्ही म्हणत नाही. त्यांची पैदास दांडगी. पण सालगड्याला साल द्यावे लागते, हा गडी काही मागत नाही. कधी कोंबडी नेतो, तेही खरे. खुराडे रात्री नीट लावले तर तेही टळते.

हा राहतो कुठे? किनवट-माहूरकडे जंगल आहे, लातूर जिल्ह्यात ते नावालाच. पण रानमांजराला घनदाट जंगल लागतच नाही. त्याला गवत, पाणकणीस, ओढ्याची झुडपे आणि उभे पीक लागते. म्हणजे आपलेच रान. पश्चिम महाराष्ट्राच्या शेतीपट्ट्यात रानमांजर, कोल्हा आणि खोकड यांच्या गळ्यात जीपीएस पट्टे बांधून 2022 साली अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच शिवारात राहूनही तिघे जमीन वेगवेगळी वापरतात, असे त्यात दिसले. एका रानमांजराचा फिरण्याचा टापू अनेकांच्या शेतांतून जातो. त्याला सातबारा कळत नाही. म्हणून एकट्याने धुरा राखून भागत नाही. हे गावाचे काम आहे.

रानमांजराहून लहान ती वाघाटी. वजन जेमतेम किलो-दीड किलो. जुन्नरकडे ती उसात पिल्ले देते. ऊसतोडीत पिल्ले सापडली की बिबट्याची म्हणून गावभर बोंब होते. ती होती तिथेच संध्याकाळी ठेवली तर आई येऊन नेते, असा तिथला अनुभव आहे.

ज्वारीला दाम मिळाला नाही म्हणून आपण सोयाबीन पेरले. तो आपला गुन्हा नव्हे. पण सोयाबीन निघाले की रान उघडे पडते, उंच धाटांचा आडोसा राहत नाही. मग उरतो धुरा आणि ओढ्याचा काठ. तोही आपण नांगरतो, नाहीतर पेटवतो.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. सगळे धुरे एकाच वेळी पेटवू नका. ओढ्याकाठचे गवत राहू द्या. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर मांजर सहज पकडते आणि विष त्याच्याही पोटात जाते, म्हणून औषध जपून वापरा, मेलेले उंदीर पुरून टाका. काढणीत पिल्ले दिसली तर घरी आणू नका. 1972 च्या कायद्याने या प्राण्यांना संरक्षण आहे.

आणि सरकारला आमचे सांगणे असे: वन्यप्राणी फक्त जंगलात राहत नाहीत. धुऱ्यावरचे गवत राखायची किंमत शेतकरी मोजतो. ती तुमच्या हिशेबात धरा.