खडीसाखरेचा खडा आणि दीड एकर रान



आमच्या गटातल्या एकीची लेक बी.एस्सी.ला आहे. यंदा तिला नॅनोसायन्सची ओळख हा विषय आहे. नाव ऐकून वाटलं, हे आपल्या कामाचं नाही. पण तिच्या वहीतलं पहिलंच गणित ऐकलं आणि आम्ही सगळ्या सरसावून बसलो.

एक सेंटीमीटर लांब, रुंद आणि उंच असा खडीसाखरेचा खडा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून जागा भरते ६ चौरस सेंटीमीटर. गटाच्या रजिस्टरवर अंगठा उमटतो ना, जवळपास तेवढी. आता त्या खड्याचे एकेक नॅनोमीटरचे तुकडे करा. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सगळ्या तुकड्यांच्या बाजू मोजल्या तर ६,००० चौरस मीटर होतात, म्हणजे जवळजवळ दीड एकर! वजन मात्र तेवढंच. पाणी चिकटतं, साखर विरघळते, ते सगळं बाजूंवरच. म्हणून खडा चहात हळू विरघळतो आणि पिठीसाखर लगेच.

हे आपल्या वावरातही आहे. गेवराई-माजलगावकडच्या काळ्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. तिचे पापुद्रे साधारण एक नॅनोमीटर जाडीचे. पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरतं, म्हणून पावसात जमीन फुगते. उन्हाळ्यात आकसते आणि कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. घराच्या भिंतींना तडे जातात तेही यानंच. गवंडी पाया मुरमापर्यंत न्या म्हणतो, ते उगाच नाही. पण याच पापुद्र्यांनी धरलेल्या ओलीवर रब्बीची ज्वारी येते. बालाघाटाच्या मुरमाड रानात कण मोठे, पाणी खाली निघून जातं.

आता बाटलीचं बोलू. २०२१ पासून नॅनो युरिया मिळतो. पहिल्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत नत्र ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे साडेवीस किलोच्या वर. बाटली गोणीचं काम करते असं सांगतात. कण बारीक, ते थेट पानात जातात, वाया जात नाहीत, असं त्यांचं म्हणणं. गोणीतला बराच युरिया वाया जातो हे खरंच आहे. पण हजारपट फरक नुसत्या बारीकपणानं भरून निघेल? पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या चाचणीत युरिया कमी करून ही फवारणी केली, तर गहू आणि भात दोन्हींचं उत्पन्न घटलं. आता जास्त टक्क्यांच्या बाटल्याही आल्यात, तेव्हा लेबल वाचून घ्या.

आम्ही यंदा कापसाच्या पाच ओळींना निम्मा युरिया आणि बाटलीची फवारणी देणार आहोत, शेजारच्या पाच ओळींना नेहमीचा युरिया. वेचणीला दोन्हींचा कापूस वेगळा तोलू. तुमच्या गटातही करा. आकडे घेऊन रेडिओवर या, इथंच वाचून दाखवू.