हात कधी लावायचा नाही



शिकागोला खेटून सिसेरो नावाचं गाव आहे. टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणारा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना तिथेच होता. भरभराटीच्या काळात तिथे चाळीस हजारांवर माणसं काम करत. १९२४ साली जोसेफ जुरान हा विशीही न गाठलेला इंजिनिअर तिथल्या तपासणी विभागात रुजू झाला. रुमानियातून आलेल्या गरीब घरातला हा मुलगा पुढे गुणवत्ताशास्त्रातला मोठा जाणकार ठरला. त्याच वर्षी सिसेरोत मॉर्टन कॉलेज सुरू झालं, आज ते कम्युनिटी कॉलेज आहे. आणि त्याच वर्षी, १६ मे रोजी, वेस्टर्न इलेक्ट्रिकमधल्याच वॉल्टर शूहार्ट यांनी वरिष्ठांना जेमतेम एक पानाचं टिपण पाठवलं. त्यातली साधी आकृती म्हणजेच कंट्रोल चार्ट.

मधे सरासरीची रेघ, वर आणि खाली मर्यादेच्या रेघा. बस्स.

तोवर तपासनीस शेवटी बसून चांगला माल आणि खराब माल वेगळा करत असे. शूहार्ट यांनी प्रश्नच बदलला: मापात पडलेला हा फरक यंत्राच्या रोजच्या चालीतला आहे, की आज काही वेगळं घडलंय? मापाचा ठिपका रेघांच्या आत असेल तर पहिलं, बाहेर गेला तर दुसरं.

लेथवर २५ मिलिमीटरचा शाफ्ट निघतोय असं समजू. एक जॉब २५.०१ भरतो, दुसरा २४.९९. नवशिक्या ऑपरेटरचा हात लगेच हत्याराची जागा सरकवणाऱ्या ऑफसेटकडे जातो. गुणवत्तातज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांचा नरसाळ्याचा प्रयोग इथे आठवावा: नरसाळ्यातून गोटी खालच्या नेमावर टाकत राहायची. गोटी नेमापासून जेवढी ढळली, तेवढंच नरसाळं दर खेपेला उलट सरकवत गेलं, तर विचरण कमी न होता दुप्पट होतं. प्रामाणिक माणूस, मनापासून मेहनत, आणि माल आधीपेक्षा वाईट! गुणवत्ता-तपासणीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातला सगळ्यात मोलाचा धडा हाच असावा. मायक्रोमीटर धरायला काही दिवसांत येतं. हात आवरायला वेळ लागतो.

मापाचीही एक शिस्त आहे. लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. १०० मिलिमीटरचा पोलादी तुकडा पाच अंशांनी तापला, तर जवळपास सहा मायक्रॉन वाढतो. यंत्रावरून नुकताच उतरलेला गरम जॉब घाईने मोजला, तर खोटं बोलतो तो आकडा, आणि खाली सही असते तपासनिसाची.

शूहार्ट १९४७-४८मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या आमंत्रणावरून भारतातही येऊन गेले, तेव्हा कंट्रोल चार्टचं हे शास्त्र आपल्याकडच्या कारखानदारांपर्यंत पोहोचलं.

असा अभ्यासक्रम पुरा करून आज पदवी घेणाऱ्यांपैकी अनेकांनी पाळी संपवून, डबा खाऊन रात्रीचे वर्ग केले असतील. उद्या त्यांच्यापैकी एखादीसमोर रात्री अकराला ट्रक उभा असेल, सुपरवायझर घड्याळ बघत असेल आणि चार्टवरचा एक ठिपका मर्यादेबाहेर गेलेला असेल. त्या वेळी मशीन थांबवायचं तिने सांगितलं, तर तिच्या शब्दाला वजन असेल. कारण त्याआधीच्या, मर्यादेतल्या ठिपक्यांवरून तिने यंत्राला उगाच हात लावलेला नसेल.