पेशीचे दोन रखवालदार

विषाणु हा स्वतंत्र संसार करणारा जीव नव्हे. आपल्या नकला काढण्याचें कामहि तो दुसऱ्याच्या पेशींतील प्रथिनांकडून करवून घेतो. तें तो कसें साधतो, याचें बोलकें उदाहरण म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणारा पॅपिलोमा विषाणु. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांनीं हा संबंध उघडकीस आणला व २००८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

पेशीनें केव्हां विभागावें, यावर मुख्यतः दोन प्रथिनांची देखरेख असते. आर.बी. नांवाचें प्रथिन विभाजनास चालना देणाऱ्या प्रथिनांस धरून ठेवतें. पी-५३ हें दुसरें प्रथिन बिघडलेल्या पेशीचें विभाजन थांबवितें आणि बिघाड दुरुस्त होण्याजोगा नसेल, तर तिला मृत्यूच्या मार्गास लावतें.

विषाणूला मात्र विभाजनाची सामग्री चालू हवी असते. तिच्यावांचून त्याच्या नकला निघत नाहींत. म्हणून त्याचें ई-७ हें प्रथिन आर.बी.ला घट्ट बिलगतें आणि आर.बी.च्या पकडींतील प्रथिनें सुटतात. हा गोंधळ ओळखून पी-५३ पेशीला थांबवूं पाहतें, तों विषाणूचें ई-६ आडवें येतें. ई-६ स्वतः त्याचा नाश करीत नाहीं. टाकाऊ प्रथिनांवर खूण करणारें पेशीचेंच एक प्रथिन तें हाताशीं धरतें व त्याच्याकडून धडधाकट पी-५३ वर ती खूण करवितें. मग पेशीचीच यंत्रणा त्याचे तुकडे करते. घर बुडतें, तें घरच्याच नोकरांच्या हातून!

बहुतेक स्त्रियांच्या शरीरांतून हा विषाणु एक-दोन वर्षांत नाहींसा होतो. थोड्या जणींच्या ठिकाणीं तो ठाण मांडतो आणि वर्षानुवर्षें बिघाड सांचून कर्करोग उद्भवतो.

१९५१ सालीं अमेरिकेंत याच रोगानें निधन पावलेल्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी प्रयोगशाळांतून अद्याप वाढत आहेत. त्यांतील ई-६ व ई-७ यांची निर्मिति शास्त्रज्ञांनीं बंद पाडली, तेव्हां दोन्ही रखवालदार पुन्हां कामास लागले व पेशींची वाढ खुंटली. इतक्या वर्षांनंतरहि रखवालदार घडविण्याची त्या पेशींची शक्ति शाबूत होती.

२००६ सालीं प्रचारांत आलेली लस विषाणूच्या बाह्य कवचाच्या प्रथिनापासून बनते. ती विषाणूला दारांतच अडविते. आंत शिरलेल्यास बाहेर काढीत नाहीं. म्हणूनच ती ९ ते १४ वर्षांच्या मुलींना देणें श्रेयस्कर. २०२३ पासून पुण्यांत बनलेली अशी लसहि मिळूं लागली आहे. प्रौढ स्त्रियांसाठीं वेळोवेळीं तपासणी हाच मार्ग. बिघडलेल्या पेशी वेळीं सांपडल्या, तर त्या कर्करोग होण्यापूर्वींच काढून टाकतां येतात. रखवालदार हतबल होण्यापूर्वीं दार लावणें घरच्यांच्या हातीं आहे.