सुट्या भागांची सोयरीक



मुलाने गेमिंग कॉम्प्युटर मागितला की घरात वाद सुरू होतो. खेळ किती खेळावेत हे प्रत्येक घराने आपापल्या परीने ठरवावे. त्यात मी पडत नाही. मला बोलावयाचे आहे ते पैशाविषयी. घरची मोठी रक्कम खर्च करून सुटे भाग आणावयाचे, ते एकमेकांशी जुळू नयेत आणि दुकानदाराने परत घेण्यास नकार द्यावा, हे टाळता येते. त्यासाठी इंजिनियर असण्याची गरज नाही. दहावीचा विद्यार्थीही कागद-पेन्सिल घेऊन हे काम करू शकेल.

प्रथम प्रोसेसर आणि मदरबोर्ड पाहू. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. एएमडी कंपनीचे रायझेन प्रोसेसर २०१७ साली आले ते एएम४ सॉकेटचे; २०२२ पासून एएम५ हे निराळे सॉकेट आले. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीला एलजीए १७०० लागते, तर २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही. जोर करून बसवू पाहाल तर पिना वाकतील, आणि वाकलेल्या पिनांना वॉरंटी सहसा मिळत नाही.

मात्र सॉकेट जुळले म्हणजे सोयरीक पक्की झाली असे समजू नका. रायझेन ५ ५६०० हा २०२२ चा प्रोसेसर. बी४५० जातीचे मदरबोर्ड २०१८ पासूनचे. दोघांचे सॉकेट एकच, एएम४. पण बोर्डातील बायोस, म्हणजे त्यात आधीपासून भरलेला मूळ प्रोग्राम, जुना असेल तर बोर्ड या प्रोसेसरला ओळखत नाही. पंखे फिरतात, पडदा काळाच राहतो, आणि मुलगा समजतो की माल खराब निघाला! म्हणून बोर्ड बनविणाऱ्या कंपनीच्या यादीत तो प्रोसेसर बायोसच्या कोणत्या आवृत्तीपासून चालतो हे पाहावे आणि ती आवृत्ती दुकानातच भरून घ्यावी.

रॅमचा घोळ याहून फसवा आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असतात, लांबीही सारखीच. परंतु मधली खाच वेगळ्या जागी असते. एएम४ ला डीडीआर४ लागते, एएम५ ला डीडीआर५. इंटेलच्या एलजीए १७०० मध्ये मात्र दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, कधी कधी एकाच नावाचे आणि शेवटच्या अक्षरांपुरते निराळे. तेव्हा बोर्डाचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. सोळा जीबी घ्यावयाची असेल तर एका पट्टीऐवजी आठ-आठच्या दोन घ्या. दोन वाटांनी माहिती जाते आणि खेळ अधिक सुरळीत चालतो.

आता पालकांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग. बाजारात ज्याला एसएमपीएस म्हणतात तो वीजपुरवठ्याचा डबा खेळाच्या चित्रात कुठेच दिसत नाही, म्हणून काटकसर नेमकी तिथेच होते. उदाहरण घ्या. आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड ११५ वॅट घेते. वर सांगितलेला प्रोसेसर पूर्ण भाराखाली सुमारे ७६. बोर्ड, पंखे, डिस्क यांचे पन्नास-साठ धरा. बेरीज २५० च्या आसपास येते, तरी एनव्हिडिया ५५० वॅटचा डबा सुचविते. याचे कारण, कार्ड क्षणभर बरीच जास्त वीज ओढते आणि डबा सतत शेवटच्या टोकाला चालवणे चांगले नसते. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणारा बिननावाचा डबा मी तरी घेणार नाही. ‘८० प्लस’ हा शिक्का वीज किती वाया जाते एवढेच सांगतो. सुरक्षिततेची हमी तो देत नाही, हेही ध्यानात असावे.

कॅबिनेटबाबत मापे तेवढी पाहावीत. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स २४४ चौरस. शिवाय कार्डाची लांबी आणि कूलरची उंची. तीन पंख्यांची काही कार्डे ३०० मिलिमीटरच्या वर जातात.

खर्चाची वाटणी करताना सुरुवात मॉनिटरपासून करा. साध्या १०८० च्या, सेकंदाला ६० चित्रे दाखविणाऱ्या पडद्यापुढे सर्वांत महागडे कार्ड म्हणजे बोळात उभी केलेली मोटार. विद्यार्थी मित्रहो, हे वडिलांना तुम्हीच सांगा. तुमच्या यादीवर त्यांचा विश्वास बसेल.

लॅमिंग्टन रोडला जा की गावातल्या दुकानात, बिलावर प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल लिहून घ्या आणि यंत्र तिथेच चालवून पाहा. घरी आल्यावर मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला जोडा, मदरबोर्डाला नव्हे. रायझेन ५ ५६०० मध्ये स्वतःची चित्रव्यवस्था नाही, त्यामुळे बोर्डाला लावलेली केबल काहीच दाखविणार नाही.