त्रिपदीचे मधले पद



नोकरीधंद्यानिमित्त ओरगडमला येऊन राहिलेल्या आम्हां मराठी कुटुंबांत सायंकाळी मुलांचे बीजगणित निघते आणि आईवडील मौन धरतात. मूल शिकते इंग्रजीतून; आमच्या ओठी मात्र ‘अवयव पाडणे’, ‘पूर्ण वर्ग’, ‘त्रिपदी’ हे शब्द. गणित एकच असूनही घरातला संवाद खुंटतो. तो खुंटू नये, एवढेच आज सांगावयाचे आहे.

क्ष² + १०क्ष + २५ ही त्रिपदी घेऊ. क्ष हात बाजूचा चौरस अंगणात आखावा. त्याच्या उजवीकडे एक व खाली एक अशा पाच हात रुंदीच्या दोन पट्ट्या जोडाव्यात. दोन्ही पट्ट्यांचे क्षेत्रफळ मिळून १०क्ष होते. कोपऱ्यात रिकामी राहते ती जागा पाच गुणिले पाच, म्हणजे २५. ती भरली की क्ष + ५ बाजूचा चौरस पुरा झाला. पूर्ण वर्ग तो हाच.

मात्र टोकांची पदे वर्ग दिसतात म्हणून फसू नये. क्ष² + १०क्ष + १६ यात १६ हा चाराचा वर्ग खरा. पण मग मधले पद क्ष आणि चार यांच्या गुणाकाराची दुप्पट, म्हणजे ८क्ष, हवे होते. म्हणून हा पूर्ण वर्ग नव्हे. याचे अवयव (क्ष + २) आणि (क्ष + ८). खरी पारख मधल्या पदाची.

वर्ग पुरा करण्याची युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात श्रीधराचार्यांचा नियम दिला आहे: समीकरणाच्या दोन्ही पक्षांना वर्गपदाच्या गुणकाच्या चौपटीने गुणावे आणि अव्यक्ताच्या मूळ गुणकाचा वर्ग दोन्हींकडे मिळवावा, अव्यक्ताचा पक्ष पूर्ण वर्ग होतो. पुढे त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. तेथील संस्कृत शिलालेखाचा अखेरचा भाग मराठीत असून, बाजारात विकल्या जाणाऱ्या मालातून मठाला काय द्यावयाचे ते त्यात नोंदले आहे. विद्या संस्कृतात होती; ती चालविण्याचा भार नगरीने मराठीत उचलला.

आम्ही आपणांकडे पैका मागत नाही. आठवड्यातून एक सायंकाळ मुलाने शाळेतले एक उदाहरण आजीआजोबांना, आईवडिलांना मराठीतून समजावून द्यावे. इंग्रजी शब्द त्याच्यापाशी आहेच; अडेल तेथे मराठी शब्द आपण पुरवावा.