नाडी लागली नाही तरी

दिवाळीत आमच्या गटातल्या एका ताईंचे भाऊ मुंबईहून घोडेगावच्या बाजूला गावी आले होते. त्यांच्या हृदयाला पंप बसवलेला. संध्याकाळी ओसरीवर त्यांना घेरी आली. शेजारच्या काकांनी मनगट धरलं, नाडी लागेना. "गेले," म्हणाले. बायकांनी हंबरडा फोडला, आणि भाऊ डोळे उघडून पाणी मागू लागले! दिवसभर रानात हिंडले, पाणी कमी प्याले, म्हणून घेरी आली होती.

हा पंप विहिरीवरच्या मोटारीसारखा रक्त सलग ढकलतो, ठोक्याठोक्यानं नाही. म्हणून नाडी बहुधा लागत नाही आणि बीपीचं मशीनही पुष्कळदा आकडा दाखवत नाही. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांना 2010 मध्ये असा पंप बसवला होता. 2012 मध्ये दुसरं हृदय मिळेपर्यंत ते त्यावर होते. आपल्याकडे खर्चामुळे असे रुग्ण थोडेच. पण सणाला, जत्रेला माणूस गावी येतोच ना?

पोटातून निघालेली वायर कमरेच्या कंट्रोलरला जाते, कंट्रोलरला दोन बॅटऱ्या. बॅटरी बदलताना एका वेळी एकच काढायची. दोन्ही एकदम काढल्या तर पंप बंद पडू शकतो. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा जादा बॅटऱ्या भरूनच ठेवायच्या.

माणूस बेशुद्ध पडला तर हाक मारा, श्वास बघा. छातीला कान लावा, पंपाची घरघर ऐकू येते का? त्याच वेळी दुसरीनं वायर, बॅटऱ्या नीट बसल्यात का बघावं आणि 108 ला फोन लावावा. पहिलंच वाक्य हे सांगा: "हृदयाला पंप आहे, नाडी लागणार नाही." कपडे कात्रीनं कापू नका, वायर तुटेल. श्वास नाही, अंग थंड, पांढरंफटक, घरघरही नाही, तर छाती दाबायला लगेच सुरुवात करा. पंपाचं काही बिघडेल म्हणून थांबू नका.

गाडीत जादा बॅटऱ्या, जादा कंट्रोलर आणि पंपाची माहिती असलेलं घरचं माणूस हवंच. आमच्या ताईंनी वहिनीकडून बॅटरी बदलायला शिकून घेतलंय. पंप बसवलेल्या हॉस्पिटलचा नंबर त्यांनी दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहिलाय. पोरं पुसतात, त्या परत लिहितात.